बस म्हटलं की बसायचं

पळणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. सारी नोकरी मुलांना पळवण्यात गेली, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. चालणारा माणूस काय करतोय ते दिसतं. पळणारा कुठं वाट कापेल, कुठं दम खाईल, कुठल्या झाडाआड फेरा गिळून टाकील, याचा नेम नसतो. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या वेळच्या शाळेच्या शिस्तीविषयी काही लिहा’ असं कळवलं, तेव्हाही मला आधी शंका आली ती हीच, की कुणाचा तरी लेख ऐनवेळी आला नसावा आणि यांना पानं भरायची असावीत. तसं असेल तरी हरकत नाही. पानं भरण्यापुरतं माझ्यापाशी आहे.

मी ड्रिलमास्तर होतो. निजामाचं राज्य होतं, शाळा जुन्या जालन्यातली मिडल शाळा, आणि मैदान मस्तगड वस्तीच्या बाहेरच्या अंगाला. मैदान म्हणजे काय, तर एका टोकाला जुनी विहीर, दुसऱ्या टोकाला चिंचेचं झाड आणि मधे धूळ. खेड्यातली माणसं मला ‘डिरील मास्तर’ म्हणत. इतर मास्तरांच्या हातात खडू असे, माझ्या तोंडात शिटी. त्यामुळं मी मास्तर आहे की शिपाई, याबद्दल गावात कायम दोन मतं होती, आणि मास्तरांच्या खोलीतही होती.

शिक्षण उर्दूतून, मुलं घरी मराठी बोलणारी. ड्रिलचे हुकूमही उर्दूच. ‘होशियार’ म्हटलं की ताठ उभं राहायचं, ‘आसान बाश’ म्हटलं की पाय फाकवून सैल व्हायचं. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी ‘आसान बाश!’ म्हणून ओरडलो की खेड्यावरून नवी आलेली निम्मी पोरं खाली मांडी घालून बसत. त्यांच्या कानाला ते ‘आसन, बस’ असंच ऐकू येई. बिचारी इकडंतिकडं आसन शोधत, मिळालं नाही की धुळीतच टेकत. मी हसत असे. या हसण्याची किंमत पुढं मोजायला लागेल हे तेव्हा कळलं नाही.

आता कामाविषयी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की ड्रिलमास्तर शिटी फुंकतो आणि झाडाखाली बसतो. वर्षातून दोनदा मुलांची ‘जिस्मानी’ परीक्षा असे. छातीला फीत लावायची, श्वास भरून आणि सोडून मोजायची. उडी मारून घ्यायची. आणि शेवटी दौड, मैदानाला तीन फेरे, घड्याळ लावून. या सगळ्यावरून मुलाचा दर्जा ठरे. अव्वल, दोयम नाहीतर सोयम, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. दौडीचं घड्याळ हैदराबादेहून आलेलं होतं. वरचा खटका दाबला की काटा पळायचा, पुन्हा दाबला की जागीच थिजायचा. मुलं त्याला खटक्याचं घड्याळ म्हणत. ते सदर मुदर्रिससाहेबांच्या, म्हणजे आमच्या हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असे. ते देताना साहेब ते रुमालात गुंडाळून देत आणि परत घेताना कानाला लावून बघत. चांगला, सभ्य माणूस होता. पण मी घड्याळातली टिकटिक काढून घेईन अशी त्यांना धास्ती असावी.

माझी धास्ती वेगळी होती. तीन फेऱ्यांत मुलं एक फेरा खात. विहिरीच्या कठड्याआड एखादा दडायचा, आणि घोळका पुन्हा आला की त्यात मिसळून घाम पुसत बाहेर यायचा. मी युक्ती काढली. चिंचेखाली मॉनिटर उभा केला आणि प्रत्येक फेऱ्याला मुलाच्या हातात एक चिंचोका द्यायचा. शेवटी तीन चिंचोके दाखवायचे. पोरं घरून खिसे भरून चिंचोके आणू लागली. मग मी चिंचोके दगडावर एका बाजूनं घासून पांढरे केले. आठ दिवसांत अख्खा वर्ग दगडावर चिंचोके घासताना सापडला. गणिताच्या तासालाही घासत होते, असं गणिताच्या मास्तरांनी मला रागानं सांगितलं.

शेवटी मला माझी खरी युक्ती सापडली, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. ‘बस-ऊठ’चा खेळ आमच्याकडं होताच. मुलं गोल पळतात, मास्तर ‘बस!’ म्हणतो, जो असेल तिथं बसायचं, उशिरा बसणारा बाद. आणि ‘ऊठ!’ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. हाच खेळ मी दौडीच्या सरावात घातला. सगळे पळत असताना मी अवचित ओरडायचो, ‘बस!’ पळणारी सगळी पोरं जिथल्या तिथं टेकायची. मग मी निवांत फिरून बघायचो, कोण कुठं आहे, कोण विहिरीमागं आहे. दडणारा आयता सापडायचा. हळूहळू मुलांची हाडंच तशी झाली. ‘बस’ कानावर पडली की डोक्याला विचारायच्या आधी गुडघे वाकत.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं आली आणि आमच्या शाळेला हळू पळायची साथ लागली. मागच्या वर्षी अव्वल असलेली पोरं सोयम येऊ लागली. छाती मोजताना श्वास भर म्हटलं तर सोडत. उडी मारताना अलीकडेच पडत. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यावर राग काढतायत. मग एकाला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला, “बापानं सांगितलंय मास्तर, पळू नको म्हून. अव्वल आला की लामावर नेतेत.”

लाम म्हणजे लढाई, आणि लामावर नेणं म्हणजे फौजेत भरती. खेड्यापाड्यांत ही बातमी कुणी नेली कुणास ठाऊक, पण ती घट्ट बसली होती. शाळेतून सरकारला धडधाकट पोरांची नावं जातात, आणि मिसरूड फुटलं की शिपाई दारात येतो. मी सांगून सांगून थकलो की असं काही नाही. पण खरं सांगायचं तर मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. नवीन जालन्यात स्टेशनावर भरतीवाले बसत. एकदा त्यांच्यातल्या एकाच्या हातात छाती मोजायची फीत पाहिली आणि मी तिथंच थबकलो. हुबेहूब माझ्याच फितीसारखी होती. शिक्षणखात्याला पोरांची छाती कशाला हवी, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याही मनात घर करून बसला, पण मी तो कुणाला विचारला नाही. विचारणाऱ्याचं नाव आधी टिपलं जाई, असे ते दिवस होते. सत्याग्रहाची हवा होती. चौकात चार पोरं एकत्र बसली तरी लोक दारं लावून घेत.

या साथीत एकच पोरगा सापडत नव्हता. मल्हारी त्याचं नाव. जाफराबादकडच्या एका खेड्यातला, धनगराचा. बाप मेंढरं राखायचा. पोरगा मस्तगडाला मावशीकडं राहून शिकत होता. अभ्यासात हुशार, आणि उर्दूत तर इतका पुढं की सदरसाहेब स्वतः त्याच्याकडून धडा वाचून घेत. त्यांच्या घरात तो पहिलाच शाळेत गेलेला. मिडलची परीक्षा जवळ आली होती, आणि हा पास होणार यात आम्हाला कुणालाच शंका नव्हती. मला शंका नव्हती, यातच काय ते समजा.

पण त्याला हळू पळता येत नव्हतं. सरावात तो प्रयत्न करायचा, मी बघायचो. पहिला फेरा घोळक्यात, हनुवटी छातीला लावून, दात दाबून. दुसऱ्या फेऱ्याला चिंचेच्या वळणावर त्याचे पाय त्याला सोडून निघत आणि मग तो त्यांच्यामागं जाई. तिसरा फेरा तो एकटाच पळत असे. पळून झालं की पहिला आल्याचा आनंद नाही, काहीतरी फोडून ठेवल्यासारखं तोंड.

एक दिवस त्याचा बाप मैदानावर आला. धोंडिबा नाव. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, उन्हानं डोळे बारीक झालेले. लांबून रामराम घातला आणि लांबच उभा राहिला.

“मास्तर, पोराला पळिवता म्हणं.”

“सगळ्यांनाच पळवतो, धोंडिबा.”

“आमच्याला नका पळवू. अव्वल आला तं मी त्याला घेऊन जाईन. खंडोबाची आन घेतलीय. शाळा बस झाली मंग.”

“अरे, लामाबिमाचं काही न्हाई. सगळी अफवा हाय. तब्येत कशी हाय पोरांची, एवढंच बघायचं असतं.”

त्यानं काठी मातीत रोवली. मग म्हणाला, “मी मेंढरं इकतो, मास्तर. गिऱ्हाईक येतं, पाठीवर हात फिरवतं, पाय धरून बघतं. तब्येत इचारायला न्हाई येत ते. तुमी छाती कामून मोजता, एवढं बराबर सांगा.”

“सरकारचा हुकूम हाय,” असं काहीतरी मी म्हणालो. त्यानं मान हलवली, जणू त्याला तेवढंच ऐकायचं होतं, आणि निघून गेला. मला त्याचा राग आला. स्वतःचाही आला. पोरगा मिडलच्या तोंडाशी आला होता आणि त्याची शाळा त्याच्या पायांमुळं जाणार होती.

पुढच्याच महिन्यात वरून निरोप आला की मोहतमीमसाहेब, म्हणजे आमचे शाळातपासनीस, स्वतः येऊन दौड घेणार. कारण उघड होतं. आमच्या शाळेतली धडधाकट पोरं एकाएकी सोयम कशी झाली, याचा त्यांना वास आला होता. सदरसाहेबांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. “मास्टर, वरच्यांना वाटतं, मुलांना मुद्दाम हळू पळायला शिकवलं जातंय. सरकारी काम बिघडवायला. जो मुद्दाम मागं राहील त्याचं नाव शाळेतून खारिज होईल, असं त्यांनी कळवलंय.” मग माझ्याकडं रोखून बघत त्यांनी विचारलं, “आपण तर काही शिकवत नाही ना?”

मी म्हटलं, “साहेब, मी तर पळायला शिकवतो.” घड्याळाकडं बघत, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कानाला लावायचंच काय ते राहिलं.

म्हणजे मल्हारी दोन्हीकडून अडकला. हळू पळाला तर नाव खारिज, जोरात पळाला तर बाप घेऊन जाणार. दौडीच्या दिवशी सकाळी तो माझ्याजवळ आला. “मास्तर, आज कसं पळू?”

आजूबाजूला शाळेचे दोन शिपाई होते, एक उगाचच आमच्या जवळ रेंगाळत होता. मी म्हटलं, “पायांनी.” त्याहून बरं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

मोहतमीमसाहेब स्टेशनावरून टांग्यानं आले. अंगात शेरवानी, डोळ्यांवर चष्मा, बरोबर त्यांचा स्वतःचा शिपाई आणि स्वतःचं खटक्याचं घड्याळ. आमच्या घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता. जिथून पळायचं आणि जिथं पोचायचं ती फक्कीची रेघ त्यांनी बुटानं घासून पाहिली. विहिरीत डोकावून पाहिलं. चिंचेखाली पडलेला पांढरा चिंचोका उचलून, “ये क्या है?” म्हणून विचारलं. मी म्हटलं, “चिंचोका आहे साहेब.” “सफेद क्यूं है?” या प्रश्नाचं उत्तर देत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मी म्हटलं, “पुराना है.”

विहिरीपाशी धोंडिबा घोंगडी पांघरून उभा होता. साहेबांनी त्याच्याकडं बोट केलं. सदरसाहेब म्हणाले, कुणाचा तरी बाप आहे. “बाप यहां क्या कर रहा है?” साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, तो मुलांना खुणा करायला आलाय. धोंडिबाला वाटलं, साहेब पोरं निवडायला आलेत. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. त्या मैदानावर त्या दिवशी कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, आणि मधे रेघेवर वरच्या वर्गाची पोरं ओणवी होऊन उभी होती.

शिटी झाली. पहिला फेरा सगळे मुंग्यांसारखे. मल्हारी मधोमध, हनुवटी खाली. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या फेऱ्याला चिंचेचं वळण आलं आणि मी मनात म्हटलं, गेले पाय. गेलेच. घोळक्यातून तो असा निघाला की बाकीचे थांबलेत की काय असं वाटावं. तिसऱ्या फेऱ्याला तो चिंचेपासून रेघेकडं येत होता तेव्हा बाकीचे विहिरीपाशी होते. मी पुष्कळ पोरं पळताना पाहिली आहेत. तसं पळणं पुन्हा पाहिलं नाही. धूळसुद्धा त्याच्या मागं उशिरा उठत होती.

बघायला जमलेल्या खालच्या वर्गांनी गिल्ला केला. साहेबांचा शिपाईही भान सोडून “शाबास! शाबास!” ओरडू लागला. साहेब हातातल्या घड्याळाकडं वाकले होते. त्यांना त्या गोंगाटाचा त्रास झाला असावा. त्यांनी शिपायाकडं आणि पोरांकडं हात वर करून दरडावलं, “बस! बस!”

रेघ चार ढांगांवर होती. मल्हारी बसला.

त्याला पाहून मागचा बसला, त्याच्या मागचा बसला. विहिरीपाशी सगळ्यात शेवटी लडखडत येणारा गणपत म्हणून एक जाडा पोरगा होता, तोही बसला. सगळं मैदान एकदम गप्प झालं. धुळीत ओळीनं पोरं बसलेली, हात गुडघ्यांवर, आणि कुणी हलेना.

मोहतमीमसाहेबांचा चेहरा उतरला. ते एक पाऊल मागं सरले. “ये क्या है?” ते सदरसाहेबांना हळूच म्हणाले. “सत्याग्रह?”

सदरसाहेबांनी खिशातला रुमाल काढला. मोहतमीमसाहेब ओरडले, “खड़े हो जाओ!” कुणी उठलं नाही. सगळ्या पोरांनी माझ्याकडं पाहिलं. खेळाचा नियमच तसा होता, मास्तर ‘ऊठ’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. आता दुसरा इलाज नव्हता. मी म्हटलं, “ऊठ.” आणि सगळी पोरं एका झटक्यात ताठ उभी राहिली.

याहून वाईट काही होऊ शकत नव्हतं. सरकारी अंमलदार ‘उठा’ म्हणतो तर उठत नाहीत, आणि ड्रिलमास्तर एक अक्षर बोलतो तर उठतात. साहेब आता मुलांकडं बघतच नव्हते, माझ्याकडं बघत होते. “आप उधर खड़े रहिये,” म्हणून त्यांनी मला चिंचेखाली पाठवलं, मी खुणा करू नये म्हणून पाठमोरा उभा केला, आणि स्वतः मुलांची जबानी सुरू केली. पाठ असली तरी कान माझेच होते.

“किसने सिखाया बैठना?”

मग गणपत बोलला. तो शेवटी आल्यामुळं त्याच्यात दम उरला होता. “साहेब, तुमीच तं बस म्हणले.”

“हमने बस कहा!”

“जी. म्हून तं बसलो.”

“अरे, हमने कहा, बस!”

“जी साहेब. जल्दी बसलो.”

“गुस्ताख! बस!” साहेब गरजले. मागं एकदम धपधप आवाज झाला. मला राहवलं नाही, मी वळून पाहिलं. साहेबांसमोर गणपत खाली बसला होता. त्याच्या मागं सगळा वर्ग बसला होता. सदरसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

मोहतमीमसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी अगदी हळू, परक्या भाषेतला शब्द चाखून बघावा तसं म्हटलं, “ऊठ.” पोरं उठली. “बस.” बसली. “ऊठ.” उठली. मला वाटतं आणखी एकदा करायचा त्यांना मोह झाला होता, पण सदरसाहेबांकडं लक्ष गेलं आणि त्यांनी घड्याळ खिशात घातलं. “दौड नामुकम्मल,” ते म्हणाले. दौड पुरी झाली नाही, म्हणून दर्जा कुणालाच नाही. ना अव्वल, ना सोयम. पुढचं पुढच्या वर्षी.

टांग्यात चढता चढता त्यांनी मला जवळ बोलावलं. “मास्टर, या तो आप बहुत सीधे आदमी हैं, या बहुत टेढ़े.” मी दोन्हीला “जी साहेब” म्हटलं. टांगा वळला तरी ते मागं वळून माझ्याकडं बघत होते. त्या खेळाचा शब्द बदला, असा सदरसाहेबांनी मला दुसऱ्या दिवशी हुकूम दिला. मी शब्दाच्या जागी शिटी आणली. पण शिटीवर बसण्यात ती मजा नव्हती.

सगळे गेले आणि मी फक्कीचा डबा उचलायला लागलो, तेव्हा माझ्या मनातली शंका वर आली. गणपतचं बसणं मला कळत होतं. त्याला उर्दूची दोन वाक्यं धड येत नव्हती. पण पहिला बसला मल्हारी. ज्याच्याकडून सदरसाहेब धडा वाचून घेत, त्याला साहेबांची बस कोणती हे कळलं नसेल? शिवाय तो तोंड साहेबांकडं करून येत होता. साहेबांचा हात कुणाकडं आहे हे त्याला दिसत होतं. मी त्याला विहिरीपाशी गाठलं.

“तुला कळली नव्हती का रे, कोणती बस ती?”

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. “कळली व्हती.”

“मंग बसलास कामून?”

“मास्तर, हळू पळून पाह्यलं मी. पाय आयकंना झाले. बापानं तं आन घातलेली. सायेब बस म्हणले.” त्यानं मान वर केली. “मला वाटलं, हे बरं झालं.”

रागवायला हवं होतं खरं तर. माझी नोकरी त्यानं चार ढांगांवर आणून ठेवली होती. पण माझ्या मनात दुसरंच आलं. आमच्या मैदानावरची सगळ्यात सुरेख दौड झाली, आणि तिची वेळच नोंदली गेली नाही. दोन दोन घड्याळं मैदानावर असून नोंदली गेली नाही. ही रुखरुख मला अजून आहे.

वाचकांना शंका राहू नये म्हणून सांगून टाकतो, मल्हारी शाळेत राहिला. मिडल पास झाला, आणि पुढं त्याच मुलखात मास्तर झाला. पोरांना पळवतो की नाही ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी घड्याळ रुमालात घेऊन मी सदरसाहेबांकडं निघालो तर वाटेत चिंचेपाशीच धोंडिबा उभा. दिवस कलला होता तरी तो गावाकडं गेला नव्हता. आता हा आणखी काय काढतो, असं वाटून मी पाय उचलला. तो आडवा आला. आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं, मग मागं.

“मास्तर, कोनी आयकून न्हाई ना राह्यलं?”

“कोणी न्हाई.”

“मला डोळ्यानं लांबचं दिसत न्हाई आताशा. धुराळा लई व्हता.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “पुढं व्हतं का माझं लेकरू?”

मी घाबरलो. हो म्हणावं तर हा उद्या पोराला घेऊन जाणार. खंडोबाची आन. पण त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला खोटं बोलवेना. मीही उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं.

“होतं,” मी म्हटलं.

“लई पुढं?”

“धोंडिबा, तो रेघेजवळ आला तेव्हा बाकीची विहिरीपाशी व्हती.”

त्यानं घोंगडीचं टोक तोंडावर ओढलं. हसतोय की काय ते दिसू नये म्हणून असावं. “दर्जा तं न्हाई ना दिला कोनी?”

“न्हाई. बिलकुल न्हाई.”

“मंग बस,” धोंडिबा म्हणाला, आणि जाफराबादच्या वाटेला लागला.

मी तिथंच उभा राहून त्याच्याकडं बघत होतो. सवय, दुसरं काय. हा खरंच गावाकडं जातो की वळून मस्तगडाला पोराला न्यायला जातो, एवढंच बघायचं होतं. बाभळींपर्यंत तो चालत गेला. तिथं थांबून त्यानं एकदा मागं पाहिलं. मी चिंचेच्या सावलीत होतो, त्याला दिसलो नसेन. मग त्यानं घोंगडी काखेत मारली, धोतराचा सोगा वर खोचला आणि तो पळायला लागला. म्हातारा माणूस, मोकळ्या रस्त्यानं, कुणी मागं लागलेलं नाही, आणि धूळ त्याच्या मागं उशिरा उठत होती.

घड्याळ माझ्या हातात होतं. खटका दाबायचं भान राहिलं नाही.